फोटो स्टुडिओ कशावर जगला?

मिरजगाव हे कर्जत तालुक्यातले, नगर-सोलापूर रस्त्यावरचे बाजाराचे गाव. भोवतालच्या खेड्यांतली माणसे बाजारहाटाला, बँकेच्या कामाला, मुलांच्या शाळेसाठी इथे येतात. अशा गावात फोटो स्टुडिओने यापुढे कमवायचे कशावर, हा प्रश्न आज या धंद्यातल्या प्रत्येकाला पडला आहे. नवा कॅमेरा घ्या, ड्रोन घ्या, नवे सॉफ्टवेअर शिका, असा सल्ला त्यावर सर्रास मिळतो. धंद्याचा इतिहास पाहिला तर हा सल्ला अपुरा ठरतो. महाराष्ट्रातल्या बाजारगावांतला स्टुडिओ यंत्राच्या नवेपणावर फारसा जगलाच नाही. त्याचे पोट भरले ते दोन गरजांवर. एक, सरकारी कागदाला लागणारा चेहरा. दुसरी, घरातल्या सोहळ्याची आणि गेलेल्या माणसाची आठवण. यंत्र बदलले की कमाईची एखादी वाट बंद व्हायची, आणि गावाची पुढची गरज ज्याने वेळेत ओळखली तो दुकानदार टिकायचा. पुढच्या कमाईचा विचारही याच अनुभवावर उभा राहायला हवा.

नुसते कौशल्य पुरत नाही, हे या कलेच्या आरंभीच दिसले होते. 1839 मध्ये पॅरिसमध्ये दागेरोटाइपची घोषणा झाली आणि 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचे वर्ग निघाले, हरिश्चंद्र चिंतामण आणि भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे मराठी छायाचित्रकार पुढे आले. मुंबईत त्यांना गिऱ्हाईक होते, कारण तिथे सरदार, शेटजी, सरकारी अधिकारी आणि शिकलेला मध्यमवर्ग होता. मुंबईबाहेरची गोष्ट निराळी. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात रीतसर शिकलेले होते. त्यांनी गोध्र्याला फोटोचा धंदा सुरू केला, पण पत्नी आणि मूल दगावल्यावर ते गाव सोडले. पुढे बडोद्यात पुन्हा दुकान मांडले, तर कॅमेरा माणसाचे आयुष्य ओढून घेतो या समजुतीने गिऱ्हाईक फिरकेना. शेवटी ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले. फाळक्यांकडे हात होता, यंत्र होते, कमी पडली ती गरज. फोटो काढून घेतलाच पाहिजे, असे लोकांना वाटण्याची वेळ अजून यायची होती.

स्वातंत्र्यानंतर ही वेळ लहान गावांपर्यंत आली. बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक 3 हा साधा कॅमेरा पुष्कळ घरांत पोचला. 120 च्या रोलवर त्यात 12 चौकोनी फोटो निघत. उटीला 1960 मध्ये हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि 1967 पासून तिची फिल्म बाजारात येऊ लागली. घरोघरी कॅमेरे आले म्हणजे स्टुडिओ बसला, असे कुणालाही वाटेल. झाले उलटेच. काढलेला रोल धुऊन, फोटो छापून घ्यायला माणूस स्टुडिओतच यायचा. कृष्णधवल रोल साधारण 20 अंश तापमानाला धुता येई, त्यामुळे मागच्या अंधाऱ्या खोलीत डेव्हलपर, हायपो आणि एक एन्लार्जर एवढ्यावर काम भागत असे. खरी मिळकत बटण दाबण्यात नव्हती. ती धुण्यात, छापण्यात, निगेटिव्हवर पेन्सिलने केलेल्या रिटचिंगमध्ये, मोठा फोटो करून चौकट बसवून देण्यात होती. अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने 1888 मध्ये नेमके हेच ओळखले होते. त्याच्या कोडॅकमध्ये 100 फोटोंचा रोल भरलेला असे, आणि रोल संपला की गिऱ्हाईक अख्खा कॅमेराच कारखान्याकडे पाठवी. कॅमेरा एकदाच विकला जाई, पण फोटो धुऊन देण्याचे काम पुन्हा पुन्हा मिळे.

रंगीत फिल्मने हे गणित मोडले. रंगीत निगेटिव्ह धुताना रसायनाचे तापमान 37.8 अंशांवर जवळजवळ स्थिर ठेवावे लागते. गावातल्या अंधाऱ्या खोलीत ते जमणे अवघड, म्हणून काम शहरातल्या लॅबकडे गेले आणि गावचा दुकानदार रोल गोळा करून पाठवणारा मधला माणूस झाला. हा फटका सोसून स्टुडिओ टिकले, याला मोठे कारण सरकारी कागद आणि लग्नसराई. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या कारकिर्दीत 1993 मध्ये मतदारांच्या फोटो ओळखपत्राचा निर्णय झाला. 2002 पासून रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या ओळखीचे नियम कडक केले. 2005 च्या रोजगार हमी कायद्याने जॉब कार्डावर फोटो आला, त्याचा खर्चही योजनेवर टाकला. कर्जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात या कार्डाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ज्यांनी हौसेने कधी फोटो काढला नसता, अशी हजारो माणसे या कागदांमुळे कॅमेऱ्यापुढे बसली. त्यातूनच दुसरी गरज भागली. घरातला म्हातारा माणूस गेला की दहाव्याला, वर्षश्राद्धाला फोटो लागतो, आणि पुष्कळदा कुठल्या तरी अर्जासाठी काढलेला पासपोर्ट फोटो हाच घरात त्याचा एकमेव फोटो असतो. तोच मोठा करून, हार घालून भिंतीवर लागतो. कागदाची गरज आणि आठवणीची गरज एकाच निगेटिव्हवर भागत होती.

मोबाइलने स्टुडिओ संपवला, हा आक्षेप इथे येणारच. तो निम्माच खरा आहे. हौसेचा फोटो मोबाइलने नेला, यात वाद नाही. ओळखीचा फोटो मात्र सरकारने आपल्या हाती घेतला. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात आधारची सुरुवात झाली, आणि तेव्हापासून चेहरा नोंदणी केंद्रावरच टिपला जाऊ लागला. रोजगार हमीचे उदाहरण याहून बोलके आहे. ज्या योजनेच्या कार्डासाठी फोटो काढावे लागत, त्याच योजनेत 1 जानेवारी 2023 पासून कामावरची हजेरी मोबाइल ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून घेणे सक्तीचे झाले. 2024 च्या लाडकी बहीण योजनेतही अर्जदार महिलेचा फोटो थेट मोबाइलवर घेतला गेला. म्हणजे कागदाचा झरा आटतो आहे, तो यंत्रामुळे जितका तितकाच व्यवस्था बदलल्यामुळे. दुकानदाराने कितीही भारी कॅमेरा घेतला तरी हे काम परत येणार नाही. सोहळ्याची गरज शिल्लक आहे. पण लग्नाचे मोठे काम शहरातून येणाऱ्या चमूंकडे वळते, आणि फ्लेक्सच्या डिझाइनमध्ये प्रत्येक जण दर पाडतो.

मग या दुकानाकडे असे काय आहे, जे शहरातल्या चमूकडे आणि मोबाइलमध्ये नाही? जुन्या निगेटिव्हांचे डबे, आणि गावातली ओळख. कुठला चेहरा कुणाच्या घरचा हे सांगणारा माणूस दुकानात आहे. हा ठेवा झपाट्याने नासतो आहे. ॲसिटेटची फिल्म उष्णतेत आणि दमटपणात आंबूस वास सोडत आक्रसते, आणि 1980-90 च्या रंगीत फोटोंचे रंग उडून ते तांबूस पडतात. तामिळनाडूतल्या जुन्या स्टुडिओंच्या संग्रहांचे अंकीकरण पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने ब्रिटिश लायब्ररीच्या अर्थसाहाय्याने केले, कारण गावोगावच्या स्टुडिओत समाजाचा इतिहास साठलेला आहे हे तिथल्या अभ्यासकांना उमगले. ते काम संशोधनाचे होते. इथे ते धंदा म्हणून उभे राहू शकते. घरातला जुना फोटो स्कॅन करून दुरुस्त करणे, तीन पिढ्यांचा अल्बम बांधून देणे, शाळेच्या किंवा सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी फोटो शोधून देणे, ही कामे पैसे देऊन करून घेण्यासारखी आहेत.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला हक्काचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणून दुकानदाराने जुनी छायाचित्रे परस्पर विकू नयेत वा छापू नयेत. त्या त्या कुटुंबाला विचारून, त्यांच्याच फोटोवर सेवा द्यावी आणि सेवेचे दाम घ्यावे. या धंद्याची रीतही मुळात हीच होती. दुसरा आक्षेप पैशाचा: एवढ्यावर घर चालेल का? एकट्या या कामावर बहुधा नाही. पण बाजारगावचा स्टुडिओ एकाच कामावर क्वचितच चालला. फोटोबरोबर फ्रेम, लॅमिनेशन, झेरॉक्स, लग्नाचे शूटिंग अशी जोड त्याला नेहमीच होती. जुन्या फोटोंचे काम ही त्यातलीच पुढची जोड आहे. मोबाइल ॲपने फोटो काही क्षणांत उजळतो, हे खरे. पण ॲप पुसट चेहऱ्याच्या जागी अंदाजाने दुसराच चेहरा रचून देऊ शकते. मूळ निगेटिव्ह ज्याच्याकडे आहे, त्याला अंदाज करावा लागत नाही.

मिरजगावसारख्या गावांतल्या स्टुडिओचालकांनी नव्या यंत्राचे कर्ज काढण्याआधी माळ्यावरचे डबे खाली काढावेत. वर्षवार लावावेत, नावे लिहावीत, स्कॅन करावेत. ग्रामपंचायती, शाळा आणि वाचनालयांनी त्यांना हे काम रीतसर मोबदला देऊन सोपवावे. कुटुंबांनीही आपले जुने फोटो घेऊन दुकानात जावे, नावे सांगणारी माणसे हयात आहेत तोवर.