लाकडी बाह्यभागांचा मुरणारा रंग
घराबाहेरील फळ्या, दारे, खांब यांत मुरून त्यांना ऊन-पावसापासून जपणारा तेलयुक्त रंग. वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर परिसरात मे महिन्यात पारा ४५° से.कडे झुकतो आणि जूनमध्ये मोसमी पाऊस सुरू होतो. अशा हवेत व्हार्निशचा पापुद्रा तडकून सुटतो. मुरणारा रंग केवळ फिका पडतो आणि न खरवडता त्यावर नवा हात देता येतो. अतिनील किरणांनी लाकडातील लिग्निन विघटित होते. रंगद्रव्य ते किरण अडवते, म्हणून पारदर्शक लेपापेक्षा गडद तपकिरी छटा निश्चितच सरस. विदर्भात पिकणाऱ्या जवसाचे उकळलेले तेल हा जुना पर्याय. मात्र नुसत्या तेलावर बुरशी धरते. कापलेल्या टोकांतून पाणी सर्वाधिक शिरते, तेथे जादा हात द्यावा. जवसतेलाने भिजलेल्या चिंध्या ढीग करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात.