गोंगाटातली वटवाघळं

विरार लोकलमध्ये मित्राशी बोलायचं तर आपण आवाज चढवतो, कान त्याच्याकडे वळवतो. किडे खाणारी वटवाघळंही काहीसं असंच करतात बरं का! 1793 मध्ये इटलीतल्या स्पालान्झानीने आंधळी केलेली वटवाघळं आरामात उडताना पाहिली. पुढे जुरिनने कान बुजवले, तेव्हा ती धडकली. कोडं सुटलं 1938 मध्ये, हार्वर्डला: ग्रिफिन आणि पिअर्स यांना त्यांचे आपल्याला ऐकू न येणारे आवाज सापडले.

मग गोंगाटाने ती गोंधळतील? 1963 मध्ये ग्रिफिनच्या गटाने बारीक तारा लावून मोठा गोंगाट सोडला. पठ्ठे तिरके उडून निसटले! गोंगाट एकीकडून, प्रतिध्वनी दुसरीकडून आला की वेगळे ओळखता येतात. रहदारीचा आवाज तर बहुतेक त्यांच्या पट्टीच्या खालचाच. पण किड्यांच्या नुसत्या चाहुलीवर शिकार करणाऱ्या जातींना तोच आवाज नडतो. आपल्या वाढत्या वसई-विरारमध्ये पहिली गप्प होतील ती हीच.