पिढीची बैठक

वतनदार घराण्याचा कागदोपत्री माग काढू लागले की एक शब्द पावलोपावली भेटतो: पिढी. मूळ पुरुषापासून कितवी पिढी, वाटणी कोणत्या पिढीत झाली, गाव कोणत्या पिढीने सोडले, सगळा हिशेब पिढीवर चालतो. 2023 साली मराठा-कुणबी दाखल्यांसाठी नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जुन्या अभिलेखांची बासने सुटली. पाहणीपत्रक, क-पत्रक, फेरफार, जन्ममृत्यूचा गाव नमुना 14 हे शब्द घराघरांत बोलले जाऊ लागले. नाशिक जिल्ह्यातल्या नांदगावासारख्या तालुक्यात तर हा शोध आणखी गुंतागुंतीचा. 1869 मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा हा मुलूख खानदेशातून इकडे आला. पलीकडे वैजापूर-कन्नडला निजामाची हद्द लागे. म्हणजे एकाच घराण्याची एक फांदी मोडी कागदांत सापडावी आणि दुसरी उर्दू दप्तरात, असे इथे सहज घडते. अशा दुहेरी शोधात पिढी या शब्दाचे मूळ फार उपयोगी पडते, असे मला वाटते.

हे मूळ आहे 'पीठिका'. प्राकृतात 'पीढिआ', मराठीत पिढी. पीठ म्हणजे आसन आणि पीठिका म्हणजे लहान आसन. बसायच्या बुटक्या आसनाला मराठीत 'पिढे' म्हणत. हिंदी-पंजाबीत 'पीढ़ी' अजून दोन्ही अर्थ सांभाळून आहे: बसायचे आसन तीही पीढ़ी आणि वंशातला टप्पा तीही. गुजरातीत 'पेढी' म्हणजे व्यापाऱ्याची गादी आणि वंशातला टप्पाही. मराठीने मात्र दोन रूपे वेगळी ठेवून अर्थ वाटून दिले. सावकाराची ती पेढी, घराण्याची ती पिढी. आपल्याकडची पेढी गुजराती व्यापाऱ्यांच्या तोंडून आली असावी. दळणाचे पीठ मात्र या कुळातले नव्हे. ते 'पिष्ट'पासून आले.

पीठाच्याही मागे जाता येते. काही भाषाविदांनी ते 'सद्' म्हणजे बसणे या धातूशी जोडले आहे. 'पि' उपसर्ग लागून 'वर बसायची जागा' असा काहीसा अर्थ निघावा. ही व्युत्पत्ती निर्विवाद नाही. पण 'नि' आणि 'सद्' मिळून 'नीड' म्हणजे घरटे झाले हे सर्वमान्य आहे, आणि लॅटिन 'नीदुस' व इंग्रजी 'नेस्ट' हे त्याचे सख्खे नातलग. त्याच चालीने पीठही घडले असेल, तर सदन, संसद, परिषद आणि आपली पिढी एकाच घरातल्या ठरतात.

आता खरे कोडे असे, की बसायच्या जागेचा अर्थ वंशातला टप्पा असा का झाला? पीठिका म्हणजे जोतेही, तेव्हा थरावर थर चढावा तशी पिढीवर पिढी, असा एक तर्क करता येईल. मला दुसरा अधिक पटतो. बाप उठला की मुलगा त्याच आसनावर बसतो. मोजली जातात ती माणसे नव्हेत, आसनावरची पाळी मोजली जाते. मठातली गुरुपरंपरा पीठाच्या नावाने चालते, राजघराणे गादीच्या नावाने. या तर्काला फारसीचा जोरकस आधार मिळतो. फारसी-उर्दू दप्तरात वंशावळीला 'कुर्सीनामा' म्हणतात. कुर्सी हा अरबीत आलेला शब्द. त्याच्या मागे आरामी रूपे आणि त्यांच्याही मागे अक्कादी 'कुस्सू' दिसते, ज्याचे मूळ सुमेरी असावे. आपली 'खुर्ची' ती हीच. म्हणजे गंगेकाठची पीढ़ी आणि दजला-फुरात (तैग्रिस-युफ्रेटिस) नद्यांकडून आलेली कुर्सी, दोघींनी वंश मोजायला आसनच निवडले. यात एकाने दुसऱ्याचे भाषांतर केले असेल का, की जमीन आणि अधिकार मुलाकडे जातात अशा कोणत्याही समाजाला हीच कल्पना सुचते? दुसरे अधिक संभवनीय दिसते.

इतर भाषांनी हेच काम वेगळ्या चित्रांनी केले. अरबी 'शजरा' म्हणजे झाड. फारसी 'पुश्त' म्हणजे पाठ. पुश्तैनी जमीन ती यावरून. पुश्त आणि संस्कृत 'पृष्ठ' सगोत्र दिसतात, आणि पृष्ठाची मराठी पाठ झाली. पण मराठीत 'पाठचा भाऊ' म्हणजे आपल्यामागून जन्मलेला सख्खा. फारसीची पाठ वंशात खाली उतरते, मराठीची भावंडांत आडवी सरकते. संस्कृत 'वंश' म्हणजे मुळात बांबू. पेरावर पेर चढत जाते, म्हणून पुढे पाठीचा कणा म्हणजे पृष्ठवंश आणि मग कुळ. इंग्रजीतले 'पेडिग्री' जुन्या फ्रेंचमधल्या करकोच्याच्या पायावरून आले. वंशवृक्षात बापाखाली मुलांकडे जाणाऱ्या तीन रेषा त्या पायासारख्या दिसतात म्हणून. 'जनरेशन'चे मूळ आपल्या 'जन्' धातूचे भावंड. तिथे मोजला जातो तो जन्म. पण अमेरिकेत व्हर्जिनिया-मेरीलँडमधल्या वसाहतकाळच्या जमीनदारांचे वंशज आपले पूर्वज शोधतात तेही शेवटी मृत्युपत्रांत आणि जमिनीच्या पेटंटांत, म्हणजे जमीन दिल्याच्या सरकारी पत्रांतच. जन्म मोजणाऱ्यांनाही पुरावा जमिनीचाच लागतो.

आपल्याकडचा तसा कागद म्हणजे सनद. अरबी 'सनद' म्हणजे ज्यावर टेकावे तो आधार. त्याच धातूवरून 'मसनद', म्हणजे टेकून बसायचा तक्क्या आणि मग गादी. पुन्हा बैठकच आली! सनदेत वंश कसा बांधला जाई तेही पाहण्यासारखे आहे. मराठी सनदांतून 'अवलाद अफलाद' ही जोडी येते. अवलाद म्हणजे मुले. अफलाद मात्र अरबीत नाही. तिथे 'अहफाद' आहे, म्हणजे नातवंडे. अवलादीच्या शेजारी बसून अहफादाने तिचा ताल उचलला आणि मराठी कारकुनाच्या लेखणीत अफलाद झाला असावा. त्याच वाक्यात गाव 'दुमाला' करून दिलेले असते. फारसी 'दुंबाल' म्हणजे मागचा भाग; त्यात 'दुम' म्हणजे शेपूट आहे. जाड शेपटीचा मेंढा दुंबा तो त्यावरूनच. गाव दुमाला झाले म्हणजे सरकारच्या मागून निघून इनामदाराच्या मागे लागले. अनेक गावांच्या नावांना दुमाला हे उपपद अजून चिकटलेले दिसते.

'वतन' शब्दाचा प्रवास याहून मोठा. अरबीत वतन म्हणजे राहते ठिकाण, मायभूमी. उर्दू-हिंदीत ते देशप्रेमाच्या गाण्यांत जाऊन बसले. दख्खनच्या सुलतानी काळात त्याला वंशपरंपरागत हक्काचा अर्थ आला: पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने. 'मिरास' आणि 'वारस' हे एकाच अरबी धातूचे. 'तक्षीम' म्हणजे वतनातला वाटा, मूळ 'तकसीम', आणि 'किस्मत' तिची बहीण. वाट्याला आले ते नशीब. तंटा झाला की गोतसभा बसे आणि 'महजर' होई. महजरात अरबी 'हजर' आहे, हजर राहिलेल्यांच्या साक्षीने झालेला कागद. पक्षकार आपली 'कैफियत' देत. अरबी 'कैफ' म्हणजे कसे. कैफियत म्हणजे जणू 'कसेपण', घराण्याने आपले कसे-काय झाले ते सांगणे. डोक्यात चढतो तो कैफही याच मुळाचा, मनाची अवस्था या अर्थाने आलेला. असे कागद जिथे जमले ते 'दफ्तर' ग्रीक 'दिफ्थेरा' म्हणजे कातडे यावरून. घटसर्पाच्या 'डिप्थीरिया' या नावात तेच कातडे आहे, कारण त्या आजारात घशावर कातड्यासारखा पापुद्रा धरतो. 1852 च्या इनाम कमिशनने हक्कदारांना पुरावे मागितले तेव्हा या सगळ्या शब्दांची कसोटी लागली, आणि घरोघरच्या पेट्यांतले कागद सरकारी दफ्तरात उतरले.

वंशाचे नाव आसनामागे कसे जाते याचे उदाहरण नांदगावाच्या शेजारीच आहे. मालेगावचा भुईकोट बांधणारे नारो शंकर आणि विंचूरचे विठ्ठल शिवदेव, दोघांचेही मूळ आडनाव दाणी. संस्कृत 'दान'ला कराचा अर्थ मध्ययुगात होता. गुजरातीत 'दाण' म्हणजे जकात, आणि कृष्णाच्या दाणलीलेत गौळणींकडून मागितला जातो तो हाच कर. तेव्हा दाणी म्हणजे जकात वसूल करणारा असावा. पुढे एका घराण्याचे आडनाव पदवीवरून राजेबहाद्दर झाले, दुसऱ्याचे ठाण्यावरून विंचूरकर. दाणी हे नाव धरून पुढे येऊ पाहणाऱ्याला अठराव्या शतकातच वाट सोडावी लागते, आणि जागा धरून चालणाऱ्याला ती सापडते. घराण्याचा शोध घ्यायचा तर आडनावापेक्षा गाव आणि वतन धरावे, हे जुने संशोधक सांगत आले आहेत ते यासाठीच.

पण जागा धरून चालण्यात मोठी उणीव आहे. आसनावर जो बसला तोच पिढीत मोजला गेला. धाकटा भाऊ गाव सोडून गेला की वंशावळीतून गळला. मुली तर आल्याच नाहीत, आणि सुना फार तर दत्तकाच्या तंट्यात विधवा म्हणून दिसतात. इथे नांदगावचे नावच विचार करायला लावते. 'नांद' म्हणजे रुंद तोंडाचे मातीचे भांडे, नांदुरकी म्हणजे एक झाड. नाशिक जिल्ह्यातली नांदुरे त्या झाडावरून आली असावीत. नांदगाव नंदावरूनही असेल. तरी 'नांदणे' हा शब्द कानात राहतोच. संस्कृत 'नन्द्' म्हणजे आनंदणे. मराठीत तो सुखाने राहणे झाला आणि मग विशेषकरून सासरी राहणे. अरबी वतनाचा मूळ अर्थही राहणेच. म्हणजे घर ज्यांनी नांदते ठेवले त्यांचे क्रियापद वेगळे आणि घर ज्यांच्या नावावर राहिले त्यांचे वेगळे: त्या नांदल्या, ते बसले. दफ्तराने बसणाऱ्यांची नोंद ठेवली.

नेहमी असेच होते काय? नाशिकच्या पांडवलेण्यांत या जिल्ह्यातले जमिनीचे अतिप्राचीन दस्त कोरलेले आहेत. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात सांगतो, की नगराच्या सीमेवरचे शेत त्याने 4000 कार्षापणांना विकत घेतले. विकणारा ब्राह्मण अश्विभूती, शेत त्याच्या बापाचे, आणि तो स्वतः ओळखला जातो 'वाराहीपुत्र' म्हणून. आजच्या भाषेत वडिलोपार्जित शेताचे खरेदीखतच ते. शेत बापाचे, ओळख आईची. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णी भिक्षूंना 200 निवर्तने शेत देतो, आणि ते आधी उषवदाताकडे होते हेही तिथे नोंदवलेले आहे. पुढे ते शेत कसले जाईना आणि गाव ओस पडले, म्हणून त्याऐवजी दुसरे शेत दिले गेले. या आज्ञेत राजासोबत त्याची आई आहे. जमिनीच्या नोंदीत आधीचा धारक आणि बदलाचे कारण लिहिण्याची फेरफाराची रीत तिथे आधीच दिसते.

त्याच लेण्यांत नहपानाची मुलगी दक्षमित्रा एक ओवरी दान देते. लेखात शब्द आहे 'ओवरक', म्हणजे आपली देवळातली ओवरी. आणि ती उषवदाताची 'कुडुबिनी' म्हणजे कुटुंबिनी आहे. आता कुणबी या शब्दाकडे पुन्हा पाहू. कुटुंबिन् म्हणजे घरदार असलेला, त्याचा झाला कुणबी. कुटुंबिनी म्हणजे त्याची गृहिणी, आणि मराठीत परवापरवापर्यंत नवरा बायकोला 'आमचे कुटुंब' म्हणत असे. ज्या नोंदीसाठी आज लोक जुने कागद चाळतात, तिच्या शब्दातच घरची बाई बसलेली आहे. वंशावळीत मात्र तिला घर नाही.

हे बदलायला कायद्याने सुरुवात केली आहे. 1962 च्या कायद्याने पाटीलकीची वतने संपली, हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी वडिलार्जित मिळकतीत जन्माने हक्कदार झाली, आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी नोंदीत आईचे नाव येते. भाषेने तर हे आधीच केले आहे. 'नवी पिढी' म्हणताना आज कुणाच्याही मनात आसन येत नाही, एका काळात जन्मलेली सगळी माणसे येतात. इंग्रजी जनरेशनच्या सहवासाने हा अर्थ बळावला असावा. पिढी आसनावरून उतरली आणि रुंद झाली. म्हणून आपापली वंशावळ मांडणाऱ्यांनी मोडी कागद वाचताना मूळ पुरुषाच्या शेजारी कोण नांदले तेही शोधावे: दत्तकपत्रांत, महजरांच्या साक्षींत, वारसनोंदींत. प्रत्येक नावापुढे आईचे नाव लिहावे, मुली लिहाव्यात, गाव सोडून गेलेले लिहावेत. पिढी या शब्दात आता या सगळ्यांना जागा आहे.