वर्गणी कोणी किती द्यायची?

शाळेची सहल ठरली की बसचे भाडे कसे वाटायचे हा प्रश्न येतोच. सगळ्यांनी सारखे द्यायचे, की ज्याला परवडते त्याने जास्त? आणि बस ज्याच्या दारातूनच सुटणार, त्याने थोडे अधिक द्यायला नको का? १९९४ साली युरोपातल्या मित्रराष्ट्रांमध्ये नेमका हाच वाद झाला. बस होती जगातला सर्वांत मोठा कणत्वरक.

जिनिव्हाजवळची ‘सर्न’ ही प्रयोगशाळा १९५४ मध्ये १२ देशांनी मिळून सुरू केली. एकट्याला न झेपणारी यंत्रे सगळ्यांनी मिळून बांधावीत, हा उद्देश. वर्गणीचा नियम सरळ होता: ज्याचे राष्ट्रीय उत्पन्न जास्त, त्याचा वाटा जास्त. त्यामुळे सर्वांत मोठा वाटा जर्मनीचा असे.

जमिनीखालच्या २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात १९८९ पासून एक कणत्वरक चालू होता. त्याच बोगद्यात पुढे प्रोटॉनची टक्कर घडवणारे ‘एलएचसी’ हे नवे यंत्र बसवायचे होते. जून १९९४ मध्ये १९ सदस्य देशांपैकी १७ देशांनी होकार दिला. अडून बसले ते जर्मनी आणि ब्रिटन. त्यांचे म्हणणे असे, की सर्न फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर आहे. नोकऱ्या, कंत्राटे, कर्मचाऱ्यांचा घरखर्च यांचा फायदा या दोन यजमानांना होतो, तेव्हा त्यांनी जास्त द्यावे.

बहुमत होते, मग काम का सुरू झाले नाही? कारण सर्वांत मोठ्या वर्गणीदारांना वगळून यंत्र उभे राहणार नव्हते. अखेर यजमानांनी जादा रक्कम कबूल केली आणि डिसेंबर १९९४ मध्ये मंजुरी मिळाली. पण पैसे तरीही अपुरे होते. म्हणून एक विचित्र तडजोड झाली: सुरुवातीला एक तृतीयांश वक्रण-चुंबक बसवायचेच नाहीत!

याचा परिणाम काय होईल? प्रोटॉनला एका फेरीत ३६० अंश वळवावेच लागते. चुंबक दोन तृतीयांशच असतील, तर त्यांना दोन तृतीयांश संवेगाचाच प्रोटॉन वळवता येतो. म्हणजे ऊर्जाही साधारण तेवढीच. राजनैतिक वाटाघाटींचा आकडा असा थेट यंत्राच्या ऊर्जेत उतरला होता. शिवाय दोन टप्प्यांत बांधल्याने एकूण खर्च वाढणार होता.

मग बाहेरच्या देशांकडे हात पसरले गेले. १९९५ मध्ये जपानने, १९९६ मध्ये भारताने आणि १९९७ मध्ये अमेरिकेने मदत कबूल केली. भारताचा वाटा मुख्यतः वस्तूंच्या रूपात होता. इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या पुढाकाराने अतिवाहक सुधारक-चुंबक आणि चुंबकांखालचे सात हजारांहून अधिक अचूक टेकू पाठवले गेले.

सगळे मार्गी लागते आहे असे वाटत असतानाच १९९६ मध्ये जर्मनीने आपली वर्गणी कमी करण्याची घोषणा केली. १९९० च्या एकीकरणाचा बोजा भारी पडत होता. सर्वांचीच वर्गणी घटली. त्या बदल्यात सर्नला कर्ज काढण्याची आणि यंत्र एकाच टप्प्यात बांधण्याची मुभा मिळाली. मात्र अडीअडचणीसाठी राखीव पैसा उरला नाही, आणि २००१ मध्ये वाढीव खर्चाने सर्न अडचणीत आलेच.

१० सप्टेंबर २००८ रोजी प्रोटॉनचा झोत पहिल्यांदा पूर्ण फेरी फिरला. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कणाच्या शोधाची घोषणा झाली. आम्ही संशोधक असे शोध सांगताना समीकरणे सांगतो, पण हिशेबाची वही मिटलेलीच ठेवतो. खरे तर मित्रांनी एकमेकांशी भांडूनही टेबल सोडले नाही, हाही त्या शोधाचा एक भाग आहे.

वर्गात हा खेळ करून पाहावा. चार गट करा, चौघांचे उत्पन्न वेगवेगळे ठेवा, एकाला यजमान करा आणि खर्च वाटायला सांगा. न्याय्य वाटा म्हणजे काय, यावर मुले किती वेगवेगळी उत्तरे देतात ते आपल्यालाही शिकवून जाईल.