न्यूअर्क की टीटरबरो? वैमानिकाच्या दोन वाटांचा इतिहास

न्यू जर्सीत राहणाऱ्यांना न्यूअर्क विमानतळ वेगळा सांगायला नको. भारतातून आईबाबा आले की आपण तिथेच गाडी घेऊन उभे असतो. पण रूट ४६ वरून जाताना डोक्यावरून झपकन उतरणारी छोटी, पांढरी जेट विमानं तुम्ही पाहिली असतील. ती टीटरबरोला उतरतात. तिथे तिकीट काढून कुणी जात नाही, कारण नियमित प्रवासी सेवाच नाही. तिथे उतरतात ती कंपन्यांची आणि धनिकांची विमानं.

आज या दोन विमानतळांची आठवण काढायचं कारण तुमच्यापैकी काहींच्या घरात आहे. मुलगा किंवा मुलगी म्हणते, "मला पायलट व्हायचंय." प्रशिक्षणाच्या कर्जाचा आकडा ऐकून आईबाबांच्या पोटात गोळा येतो, आणि मग प्रश्न येतो: छोट्या रीजनल एअरलाइनमध्ये जावं, की कंपनीचं जेट चालवावं? उत्तर शोधताना आपण आजच्या पगाराचे तक्ते बघतो. मी म्हणेन, तक्त्याआधी इतिहास बघा.

१९७८ पर्यंत अमेरिकेत कुठल्या कंपनीनं कुठे उडायचं आणि भाडं किती घ्यायचं, हे सरकारी मंडळ ठरवत असे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि ही बंधनं सुटू लागली. मोठ्या कंपन्यांनी परवडत नाहीत अशी लहान गावं सोडली. तिथे पंख्याची, १९ आसनांची विमानं घेऊन छोट्या कंपन्या शिरल्या. लहान गावातून प्रवासी उचलायचा आणि मोठ्या विमानतळावर मोठ्या कंपनीच्या हवाली करायचा, हे त्यांचं काम. १९९३ मध्ये कॉमएअर या कंपनीनं अमेरिकेत ५० आसनांचं रीजनल जेट आणलं आणि हा धंदा झपाट्यानं वाढला.

यात एक मेख होती. विमानावर नाव मोठ्या कंपनीचं, पण वैमानिक छोट्या कंपनीचा नोकर. तुमच्या तिकिटावर बारीक अक्षरांत "ऑपरेटेड बाय" लिहिलेलं असतं, ते हेच. मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांना भीती होती की आपलं काम स्वस्तात बाहेर जाईल. म्हणून त्यांच्या संघटनांनी करारात अट घातली: छोट्या कंपनीनं अमुक आसनांपेक्षा मोठं विमान चालवायचं नाही. अनेक करारांत ही मर्यादा आधी ५० होती, पुढे ७६ पर्यंत गेली. मोठी कंपनी आणि छोटी कंपनी यांच्या पगारांतली भिंत मात्र तशीच राहिली.

या भिंतीची किंमत १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री देशाला कळली. न्यूअर्कहून बफेलोला निघालेलं कोल्गन एअरचं विमान क्लॅरेन्स सेंटरमधल्या एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक असे ५० जण गेले. प्रवाशांच्या लेखी ते कॉन्टिनेंटलचं विमान होतं. चौकशीत मुख्य कारण ठरलं ते वेग कमी झाल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टननं केलेली चुकीची हालचाल. पण सुनावणीत आणखीही गोष्टी बाहेर आल्या. तरुण सहवैमानिक सिअ‍ॅटलला आईवडिलांकडे राहत होती आणि रात्रभर मालवाहू विमानांतून प्रवास करून न्यूअर्कला कामावर आली होती. सुनावणीत तिचा वर्षाचा पगार सुमारे १६ हजार डॉलर सांगितला गेला.

मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनचे उंबरठे झिजवले. २०१० मध्ये कायदा झाला. त्यातून २०१३ पासून एअरलाइनच्या सहवैमानिकालाही साधारणपणे १५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव सक्तीचा झाला. विमानशास्त्राची पदवी किंवा सैन्यातला अनुभव असेल तर सवलत आहे. आधी २५० तासांचा व्यावसायिक परवाना पुरत असे. २०१४ पासून विश्रांतीचे नियमही कडक झाले. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. त्या विमानाच्या दोन्ही वैमानिकांकडे १५०० हून जास्त तास होते. त्यामुळे हा नियम बरोबर की चूक, हा वाद आजही चालू आहे.

आता टीटरबरोकडे वळू. १९६३ मध्ये बिल लिअर यांचं लिअरजेट २३ हे छोटं जेट पहिल्यांदा उडालं. कंपन्यांकडे विमानं त्याआधीही होती, पण आता वेगवान जेट कितीतरी कंपन्यांच्या आवाक्यात आलं. १९८६ मध्ये नेटजेट्सनं विमानाचा हिस्सा विकत घेण्याची पद्धत सुरू केली. आपल्याकडे चौघांत मिळून शेतात विहीर काढतात, तसंच म्हणा ना.

कंपनीचा वैमानिक नुसतं विमान चालवत नाही. तो बॅगा चढवतो, जेवण मागवतो, कॉफीचा थर्मास भरतो, साहेबांची मीटिंग लांबली की तासन् तास थांबतो. आज बोस्टन, उद्या जिनिव्हा. विमान छान, हॉटेल छान, पण फोन कधी वाजेल याचा नेम नाही. स्वतःच्या विमानातून स्वतःची माणसं नेणाऱ्या कंपनीला एअरलाइनसारखे ड्यूटीच्या तासांचे सरकारी नियम लागू नाहीत. एअरलाइनच्या वैमानिकाला ६५ व्या वर्षी थांबावं लागतं, इथे तशी अट नाही. नियम कमी असल्यानं सगळं मालकाच्या समजूतदारपणावर येतं.

आणि मालक बदलतात. नोव्हेंबर २००८ मध्ये तीन मोटार कंपन्यांचे प्रमुख सरकारी मदत मागायला आपापल्या खाजगी जेटनं वॉशिंग्टनला गेले. लोक भडकले. फोर्डनं आपली विमानं विकायला काढली आणि जनरल मोटर्सनं भाड्याची विमानं सोडून दिली. चूक साहेबांची, आणि टांगती तलवार वैमानिकांवर.

एअरलाइनमध्ये मालकाच्या मर्जीऐवजी एक आकडा असतो: ज्येष्ठता क्रमांक. कामावर लागलात त्या दिवशी तो मिळतो. कुठल्या शहरातून उडायचं, कॅप्टन कधी व्हायचं, दिवाळीत रजा मिळणार की नाही, कपात झाली तर आधी कुणी घरी जायचं, सगळं त्यावर ठरतं. तिथे वशिला चालत नाही. पण हा आकडा त्या एकाच कंपनीपुरता असतो. डेल्टाच्या मालकीची कॉमएअर सप्टेंबर २०१२ मध्ये बंद झाली. तिथे वीस वर्षं काढलेला माणूसही नव्या कंपनीत यादीच्या तळाशीच सुरुवात करणार. २०२० मध्ये महामारीत आणखी काही रीजनल कंपन्या मिटल्या.

आणि पगार? महामारीत मोठ्या कंपन्यांतल्या अनेक ज्येष्ठांनी लवकर निवृत्ती घेतली. मग प्रवासी परतले आणि वैमानिकांचा तुटवडा पडला. जून २०२२ मध्ये पीडमाँट आणि एन्व्हॉय या रीजनल कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाला तासाला ९० डॉलर देऊ केले. महिन्याला ७५ तास धरले तर वर्षाला ८१ हजार होतात. सुनावणीतल्या १६ हजारांच्या आकड्यापासून इथपर्यंत यायला तेरा वर्षं लागली. २००९ मध्ये ज्यानं "रीजनलमध्ये जाऊ नकोस" असा सल्ला दिला, त्याचा तक्ता बरोबरच होता. पण तो त्या वर्षापुरता.

म्हणून मंडळी, तक्ता बदलतो, रचना बदलत नाही. एका वाटेवर तुमचं आयुष्य एका आकड्याला बांधलेलं असतं, दुसऱ्या वाटेवर एका मालकाला. लेकीला विचारा: रांगेत उभं राहून आपली पाळी येईपर्यंत धीर धरशील का? की नियम कमी असलेल्या ठिकाणी, दमलेली असताना साहेबांना "आज उडणार नाही" असं सांगायची हिंमत आहे? हे "नाही" दोन्हीकडे लागतं. एअरलाइनमध्ये त्याच्यामागे कायदा आणि संघटना उभी असते, कंपनीच्या विमानात बहुधा तिला एकटीला उभं राहावं लागेल.

या प्रश्नाचं उत्तर घरात जेवताना मिळालं, तर कर्जाच्या कागदावर सही करताना हात थोडा कमी थरथरेल.