प्रेमचंद रायचंद

प्रेमचंद रायचंद : (१८३१–३१ ऑगस्ट १९०६). एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे विख्यात शेअर दलाल, कापसाचे व्यापारी व दानशूर. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात मुंबईत उसळलेल्या सट्ट्याचे ते प्रमुख सूत्रधार होते. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा त्यांच्याच देणगीतून उभा राहिला.

त्यांचा जन्म सुरतेतील एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव रायचंद दीपचंद व आईचे राजाबाई. सुरतेचा व्यापार ओसरून मुंबईकडे वळत असताना जी गुजराती कुटुंबे मुंबईत येऊन स्थिरावली, त्यांपैकीच हे एक होय. प्रेमचंदांचे शिक्षण मुंबईत झाले. १८४९ मध्ये ते एका नामांकित दलालाच्या हाताखाली काम करू लागले. इंग्रजी लिहू, वाचू व बोलू शकणारे ते पहिले भारतीय शेअर दलाल मानले जातात. त्यामुळे युरोपीय व्यापारी पेढ्या आणि बँकांचे अधिकारी यांच्याशी त्यांना दुभाष्याविना बोलता येई. बाजारातील देशी भांडवल व कोटातील युरोपीय व्यवहार यांना जोडणारा दुवा म्हणून त्यांचे महत्त्व वाढत गेले. त्या वेळी दलालांना हक्काची जागा नव्हती. टाउन हॉलसमोरील वडाच्या झाडांखाली त्यांचे सौदे चालत.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होऊन दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशरच्या गिरण्यांना भारतीय कापसावर अवलंबून राहावे लागले. युद्धकाळातील चढ्या भावांमुळे मुंबईला नेहमीपेक्षा सु. आठ कोटी पौंडांहून अधिक रक्कम जादा मिळाली, असा अंदाज दिनशा वाच्छा यांनी केला आहे. हा पैसा गुंतविण्यास पुरेसे उद्योग शहरात नव्हते. साहजिकच बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या यांचे पेव फुटले. दलालांची संख्या दोनशेच्या वर गेली. बॅकबे भरणी कंपनीचा पाच हजार रुपयांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. या कंपनीच्या व इतर अनेक कंपन्यांच्या उभारणीत प्रेमचंदांचा हात होता. नव्या कंपनीचे शेअर कोणास द्यावयाचे, हे बव्हंशी त्यांच्या शब्दावर ठरे. म्हणून अधिकारी, सावकार व व्यापारी त्यांच्या घरी खेटे घालीत.

या प्रभावाची सर्वांत अनिष्ट बाजू बँक ऑफ बाँबेच्या व्यवहारांत दिसून आली. सरकारचे भागभांडवल असलेल्या या बँकेस १८६३ च्या कायद्याने शेअरच्या तारणावर कर्जे देण्याची मुभा मिळाली. बँकेच्या चालकांवर प्रेमचंदांची छाप होती. त्यांच्या शिफारशीवरून पुरेशी चौकशी न करता मोठ्या रकमा कर्जाऊ दिल्या गेल्या. शेअरची किंमत तारणावर टिकून होती व तारणाची किंमत शेअरच्या भावावर. यांपैकी एक ढासळताच दुसरे ढासळणे अटळ होते.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण गेल्याने युद्ध संपल्यात जमा झाले आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्याच्या सौद्यांचा दिवस होता. त्या दिवशी अनेकांना देणी भागविता आली नाहीत. पुढील काळात बड्या पेढ्यांबरोबर लहान ठेवीदार व नोकरदारही बुडाले. बँक ऑफ बाँबेचा एके काळी २,८५० रुपयांस विकला जाणारा शेअर ८७ रुपयांवर आला. ही बँक बंद पडून १८६८ मध्ये सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला. प्रेमचंदही कर्जबाजारी झाले. मात्र ते मुंबई सोडून गेले नाहीत. कापसाचा व दलालीचा व्यवसाय करीत त्यांनी हळूहळू पत सावरली. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या देशी शेअर दलालांच्या संघाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. याच संघातून पुढे मुंबईचा शेअर बाजार विकसित झाला.

भरभराटीच्या काळात त्यांनी केलेली दाने मात्र चिरस्थायी ठरली. १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख व मातेच्या नावे घड्याळाचा मनोरा बांधण्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. सर गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार १८६९ ते १८७८ या काळात सु. २८० फूट (सु. ८५ मी.) उंचीचा हा मनोरा बांधण्यात आला. राजाबाई अंध होत्या व जैन आचारानुसार सूर्यास्तापूर्वी भोजन करीत; घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळावी, हा मनोऱ्यामागील हेतू होता अशी आख्यायिका आहे. कलकत्ता विद्यापीठास दिलेल्या दोन लाख रुपयांतून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली. आशुतोष मुखर्जी, जदुनाथ सरकार व रमेशचंद्र मजुमदार हे तिचे मानकरी होत. गुजरातमधील शिक्षणसंस्था व ग्रंथालये यांनाही त्यांनी साहाय्य केले.

माझगाव–भायखळा भागातील लव्ह लेन येथे ‘प्रेमोद्यान’ हे त्यांचे निवासस्थान होते. माझगाव हा तेव्हा बागबंगल्यांचा भाग होता. जवळच सेठ मोतीशा यांनी १८२८ मध्ये बांधविलेले आदीश्वराचे जैन मंदिर आहे. मोतीशांचेच नाव पुढे या रस्त्यास मिळाले. गोद्या, रेल्वे व गिरण्या यांमुळे परिसराचे स्वरूप बदलले आणि धनिकांची वस्ती मलबार टेकडीकडे सरकली. प्रेमोद्यानाची वास्तू कालांतराने रेजिना पासिस या ख्रिस्ती जोगिणींच्या संस्थेकडे गेली व तेथे मुलींच्या शिक्षणाचे कार्य सुरू झाले.

प्रेमचंदांचे पुत्र सर किकाभाई प्रेमचंद हे चांदी व शेअर यांचे व्यापारी म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांनी व्यवसायातील काही चांदी व शेअर काढून घेऊन विश्वस्त निधीस दिले होते. त्यावर नफा झाला असे मानून कर आकारता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये दिला. माणूस स्वतःशीच व्यापार करून नफा मिळवू शकत नाही, हे त्यामागील तत्त्व भारतीय प्राप्तिकर कायद्याच्या अभ्यासात आजही महत्त्वाचे मानले जाते.

सट्ट्याचे प्रवर्तक म्हणून प्रेमचंदांवर झालेली टीका अनाठायी नव्हती. तथापि त्या पैशाचा जो अंश त्यांनी विद्येसाठी वेगळा काढला, तेवढाच १८६५ च्या पडझडीतून शाबूत राहिला.