रुमाल आणि महाजाल

कागद असणें निराळें आणि तो सांपडणें निराळें. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली. तिचें मोडी दप्तर पुण्यांत हजारों रुमालांत बांधलेलें राहिलें. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं त्यांतील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळांत ४५ भागांत प्रसिद्ध केले, तेव्हां अभ्यासकांना वाट मिळाली.

महाजालावरही हीच अडचण उद्भवली. शोधयंत्र एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्याकडे जातें. परंतु कोणी विचारल्यावरच संगणक जें पान रचतो, त्याकडे पुष्कळदां दुवाच नसतो. म्हणून संकेतस्थळाच्या चालकानेंच आपल्या पानांच्या पत्त्यांची यादी द्यावी, अशी पद्धत गूगलनें २००५ मध्यें काढली. २००६ मध्यें याहू व मायक्रोसॉफ्ट यांनींही ती स्वीकारली. ठेवा सांभाळणाऱ्यानेंच त्याची वाट दाखवावी. एरवीं तो असून नसल्यासारखा.